जुनी कादंबरी डोळ्यांनी नको, कानांनी वाचा: वैतागलेल्या मैत्रिणींना आणि त्यांच्या अर्धवट गाण्यांना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या वसतिगृहात एकत्र राहिलेल्या सहा मैत्रिणी, सगळ्या आता पन्नाशीच्या पुढच्या. मूळच्या पुणे, कोल्हापूर, नागपूर अशा वेगवेगळ्या भागांतल्या, आणि एक आता अमेरिकेत. दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर भेटतात. अमेरिकेतलीची तेव्हा शनिवारची रात्र असते. त्यांनी हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्ष्यांत कोण घेतो?’ वाचायला घेतली आणि दीडशे पानांवर अडकल्या. त्यांचं म्हणणं: भाषा जड, तेच तेच पुन्हा, लेखक मध्येच थांबून उपदेश करतो, आणि गोष्ट सांगणाऱ्या नायिकेचा, यमूचा, राग येतो कारण ती कुणाला काही बोलतच नाही. दहा मिनिटांत पुस्तक बाजूला पडतं आणि गप्पा गाण्यांवर जातात. एकीला भोंडल्याचं अर्धं गाणं आठवतं, एकीला वडील गुणगुणायचे त्या पदातला एकच शब्द, एकीला शाळेतल्या कवितेचा नुसता ठेका. त्यांचे प्रश्न तीन: पुस्तक सोडून द्यावं का, संक्षिप्त आवृत्ती घ्यावी का, आणि ही गाणी पुरी कशी करायची?

मी सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतर वाचकगट चालवते. जुन्या कादंबरीवर अडकलेले गट मी खूप पाहिले आहेत. आणि ‘एक गाणं आहे, पण त्याची पहिली ओळ आठवत नाही’ हे वाक्य ग्रंथालयाच्या टेबलावर जितक्या वेळा ऐकलं तितकं दुसरं कुठलंच नाही. म्हणून आधी माझं मत सांगते आणि मग कारणं. पुस्तक सोडू नका, पण मनात वाचणं बंद करा. ते मोठ्याने वाचा, थोडं थोडं वाचा. आणि गाण्यांना विषयांतर समजू नका, कारण तुमचं पुस्तक आणि तुमची गाणी एकाच घरातली आहेत.

आधी पुस्तकाचं बघू. ही कादंबरी एका बैठकीत वाचायला लिहिलेलीच नव्हती. हरिभाऊंनी 1890 मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातून ही गोष्ट क्रमशः छापली. तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. वाचकाच्या हाती आठवड्याला थोडा मजकूर पडायचा, पुढच्या अंकापर्यंत मागचं विसरलं जायचं. म्हणून लेखक पुन्हा आठवण करून देतो, ‘मागे सांगितलंच आहे’ म्हणत धागा जोडतो, एखादं दुःख दुसऱ्यांदा बोलून दाखवतो. आठवड्याच्या अंतराने हे सगळं हवंहवंसं असतं. तुम्ही मात्र एका रात्रीत चाळीस पानं वाचता, त्यामुळे तीच आठवण चौथ्यांदा समोर येते आणि पुस्तक आपटावंसं वाटतं. दोष पूर्णपणे तुमचाही नाही आणि पुस्तकाचाही नाही. वाचण्याचा वेग चुकला आहे.

तेव्हा रविवारी दोन प्रकरणं, त्याहून जास्त नाही. एकीने वाचायचं, पाचजणींनी ऐकायचं. पुढच्या रविवारी दुसरीने. मधल्या आठवड्यात पुस्तक उघडायचं नाही. हे सुरुवातीला अवघड जातं, कारण हातात पुस्तक असताना पुढचं पान उलटायची सवय असते, पण माझ्या गटांत दुसऱ्या-तिसऱ्या रविवारपासून फरक दिसायला लागतो. मजकूर तोच, पण तो कुणाच्या तरी आवाजात येतो. यमू सांगते आहे, लिहीत नाही, हे कानाला लगेच कळतं. तिची वाक्यं लांब आहेत, ‘आणि’ ‘पण’ ‘मग’ करत धावणारी आहेत, आणि मध्येच तिला काहीतरी आठवतं तेव्हा वळणारी आहेत. डोळा अशा वाक्यात पूर्णविराम शोधत अडखळतो. जीभ अडखळत नाही, ती जिथे दम संपतो तिथे आपसूक थांबते.

भाषा जड वाटण्याचं निम्मं कारण छपाईचं आहे. जुन्या प्रतीत ‘केलें’, ‘आतां’, ‘त्यानें’, ‘घरीं’ असे अनुस्वार जागोजाग दिसतात. नावातल्या ‘लक्ष्यांत’वरसुद्धा तो आहे. हे उच्चारायचे नाहीत. 1962 च्या लेखन नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, आपण सगळे त्यानंतर शाळेत गेलो, म्हणून ते डोळ्यांत खुपतात. मोठ्याने वाचणारी ते टिंब ओलांडून पुढे जाते आणि ऐकणाऱ्यांना ते असल्याचं कळतही नाही. खरोखर अडलेला शब्द असेल तर मोल्सवर्थचा कोश किंवा दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश हाताशी ठेवा, दोन्ही महाजालावर शोधता येतात. पण वाचन थांबवून शब्द बघू नका. पेन्सिलीने खूण करा आणि प्रकरण संपल्यावर बघा. बहुतेक खुणा तोवर निरुपयोगी झालेल्या असतात, अर्थ पुढच्या दोन ओळींत लागलेला असतो.

संवाद आले की वाटून घ्या. सासूबाई एकीच्या, यमू एकीची, तिची मैत्रीण दुर्गी एकीची. हरिभाऊंचं खरं बळ बायकांच्या बोलण्यात आहे, टोमणे, लाड, दटावणं, एकमेकींच्या कानात केलेल्या गोष्टी, आणि ते बळ छापील पानावर झोपलेलं असतं. तुमच्यापैकी जिची आजी जुन्या वळणाचं बोलायची तिला सासूबाईंचं काम द्या, बघा काय होतं ते.

आता उपदेश. इथे मी तुम्हाला मोकळीक देते: लेखक जिथे गोष्ट सोडून समाजाला चार शब्द सुनावतो, ती जागा धावत वाचा. पण तो का सुनावतो ते एकदा समजून घ्या. गोष्ट छापली जात होती त्याच काळात संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्र पेटलेला होता. शरीरसंबंधासाठी संमतीचं वय दहावरून बारावर नेणारा हा कायदा मार्च 1891 मध्ये झाला. टिळकांनी ‘केसरी’तून त्याला विरोध केला, सुधारकांनी बाजू लावून धरली. 1890 मध्येच मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांचं केशवपन करणार नाही अशी भूमिका घेतली होती. म्हणजे ‘करमणूक’चा वाचक सकाळी वर्तमानपत्रात जो वाद वाचत होता, त्याच वादातली एक मुलगी त्याला यमूच्या रूपाने भेटत होती. हरिभाऊ या गोष्टींना ‘आजकालच्या गोष्टी’ म्हणायचे. आपल्याला जो उपदेश वाटतो तो त्या वाचकाला चालू भांडणातला एक बोल वाटत असणार. धावत वाचा म्हटलं तरी पूर्ण गाळू नका, एवढ्यासाठी.

एक मात्र कधीच गाळू नका: स्वयंपाकघर, माजघर, ओटी इथली बोलणी. ‘काही घडत नाही’ असं जिथे वाटतं तीच पानं मला सगळ्यात मोलाची वाटतात. हरिभाऊंच्या आधीची मराठी कादंबरी शेजारी ठेवून पाहिलं की हे पटतं. 1857 च्या बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’मध्ये विधवांचे हाल आहेत, पण ते एकामागून एक उदाहरणं म्हणून येतात. (नायिकेचं नाव तिथेही यमुनाच.) 1861 ची लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ तर योगायोगांवर आणि अद्भुतावर चालते. नेहमीच्या घरात, नेहमीच्या दिवशी, ताटं वाढताना कोण कुणाला काय म्हणालं, यातून माणसाचं आयुष्य कसं आवळत जातं हे दाखवायला मराठीत हरिभाऊ यावे लागले. तुमचा वैताग ज्या संथपणावर आहे तो संथपणाच त्यांचा शोध आहे.

यमूच्या गप्प बसण्याबद्दल. हा राग चांगला आहे, तो दडपू नका, त्याचा उपयोग करा. मी गटात एक साधं काम देते. यमू जिथे जिथे गप्प बसते तिथे समासात ‘त्या वेळी खोलीत कोण कोण आहे’ एवढंच लिहायचं. वडील, सासरे, मामंजी, सासूबाई, की फक्त मैत्रीण? आणि जिथे ती भरभरून बोलते तिथेही तेच लिहायचं. पाच-सहा प्रकरणांनंतर त्या नोंदी एकाखाली एक वाचा. मग ‘ही बोलत का नाही’ या प्रश्नाची जागा दुसरा प्रश्न घेतो, तो मी इथे सांगत नाही. आणखी एक लक्षात ठेवा. घरात गप्प असलेली ही मुलगी आपल्याला मात्र सगळं सांगते आहे. शेकडो पानं ती बोलतेच आहे. ज्यांच्यासमोर बोलता आलं नाही त्यांच्याऐवजी ती वाचकाशी बोलते, आणि म्हणूनच हे पुस्तक ऐकायचं आहे.

दीडशे पानांवर सोडणारे गट सहसा यमू मुंबईला जाण्याच्या आत सोडतात. निदान त्या भागापर्यंत जा. यमू आणि तिचा नवरा रघुनाथराव यांचं मुंबईतलं बिऱ्हाड, तिथल्या ओळखी, तिचं वाचायला-लिहायला लागणं, तिथे पुस्तकातली हवा बदलते. त्यानंतरही कंटाळा आला तर खुशाल थांबा, कुणी तुम्हाला दोष देणार नाही.

आता गाण्यांकडे. तुम्ही लिहिलं आहे की पुस्तक सोडून गाण्यांवर जाता. मला यात घसरणं दिसत नाही. भोंडल्यात तुम्ही सगळ्यांनी म्हटलेलं कारल्याच्या वेलाचं गाणं आठवा. सून माहेरी जायची परवानगी मागते. सासू म्हणते, ‘कारल्याचा वेल लाव गं सुने, मग जा आपुल्या माहेरा’. वेल लावला, आता तरी जाऊ का? मग कारली येऊ देत, मग भाजी कर, मग आणखी काही. प्रत्येक फेऱ्यात एक काम वाढतं आणि माहेर एक पाऊल लांब जातं. हरिभाऊंना सासरचं जे सांगायला पानंच्या पानं लागतात ते या गाण्यात पाटाभोवती फेर धरून नाचत सांगितलं जातं. आणि गंमत बघा: पुस्तकातल्या ज्या पुनरुक्तीने तुम्ही वैतागता, तीच पुनरुक्ती या गाण्यात तुम्ही आनंदाने करता. दर कडव्याला तीच ओळ, तेच ‘माहेरा माहेरा’. फरक एवढाच की गाण्यात ती तुमच्या तोंडून होते. म्हणून म्हटलं, पुस्तकही तोंडाने वाचा. आणि यमू सासरी असेल त्या रविवारी हे गाणं म्हणा, ते त्या प्रकरणावरचं सगळ्यात चांगलं भाष्य होईल.

गाणी पुरी करायची म्हणजे आधी ती कुठल्या जातीची आहेत हे ओळखायचं, कारण प्रत्येकीचा शोध वेगळ्या वाटेने जातो. पण त्याआधीचा एक नियम सगळ्यांना लागू आहे आणि तो बहुतेक मंडळी मोडतात. एकत्र बसून आठवायला सुरुवात करू नका. सहाजणी एकदम गायला लागल्या की जिचा आवाज मोठा तिचे शब्द खरे ठरतात, आणि बाकीच्यांच्या मनातले शब्द पाच मिनिटांत पुसले जातात. नंतर विचारलं तर त्या प्रामाणिकपणे सांगतात, ‘मलाही असंच आठवतं’. तेव्हा कॉलच्या आदल्या दिवशी प्रत्येकीने आपल्याला येतं तेवढं गाणं फोनवर रेकॉर्ड करून एकीकडे पाठवायचं. अडलं तिथे ‘ला ला’ करायचं, पण चाल सोडायची नाही. सोबत दोन वाक्यं: कुणाच्या तोंडून ऐकलं, आणि ती व्यक्ती तेव्हा काय करत होती. दळत होती, मुलाला झोपवत होती, न्हाणीघरात होती, की रेडिओवर ‘आपली आवड’ लागलं होतं? एवढ्या नोंदीवर माझं निम्मं काम व्हायचं.

सगळ्यात अवघड आणि सगळ्यात सुंदर जात म्हणजे जिला कवी नाही अशी गाणी. भोंडल्याचंच पहिलं गाणं घेऊ, तुमच्या पत्रात त्याचाच उल्लेख आहे. ‘ऐलमा पैलमा गणेश देवा, माझा खेळ मांडू दे, करीन तुझी सेवा’ इथपर्यंत सगळ्यांना येतं. पुढे ‘माझा खेळ मांडिला वेशीच्या दारी, पारवं घुमतंय बुरजावरी’. मग गुंजावाणी डोळे, आणि ‘आमच्या गावच्या भुलोजी बायका’. इथे पुण्याच्या मुली वर्षानुवर्षं अर्थ न कळता म्हणत आल्या आहेत. तुमच्या नागपूरच्या मैत्रिणीला विचारा. तिच्याकडे भोंडला नसतो, भुलाबाई असते, भुलोजी आणि भुलाबाईच्या मातीच्या मूर्ती मांडून कोजागरीपर्यंत महिनाभर गाणी म्हणतात. पुण्याच्या गाण्यात अडकलेला भुलोजी तिच्या घरी पाटावर बसलेला असतो.

त्याच्या पुढे बहुतेकींची गाडी थांबते. ‘एविनी गा तेविनी गा, आमच्या आया तुमच्या आया, खातील काय दुधोंडे’. मग? इथे गाण्याची बांधणी नीट बघा, कारण हरवलेली ओळ तीच शोधून देते. ‘दुधोंडे’वर ओळ संपली की पुढची तिथूनच उचलते: ‘दुधोंड्याची लागली टाळी, आयुष्य दे रे भामाळी’. ‘भामाळी’तल्या ‘माळी’वरून पुढची: ‘माळी गेला शेता भाता, पाऊस पडला येता जाता’. पाऊस आला की ‘पड पड पावसा थेंबोथेंबी’, थेंबोथेंबीवरून ‘थेंबोथेंबी आडव्या लोंबी’, आडव्या लोंबी अंगणात लोंबतात, आणि अंगणावरून ‘अंगणा तुझी सात वर्षं, भोंडल्या तुझी सोळा वर्षं’. प्रत्येक ओळीचं शेपूट पुढच्या ओळीचं डोकं आहे. लिहिता न येणाऱ्या मुलींनी लांबलचक गाणं लक्षात ठेवावं म्हणून केलेली ही सोय आहे. म्हणून अडलं की अर्थ आठवायचा प्रयत्न करू नका, शेवटचा शब्द दोन-तीनदा म्हणा. पुढची ओळ त्यालाच लटकलेली असते.

आणि इथेच एक गोष्ट कळते. कुणी ‘भामाळी’ म्हणेल, कुणी ‘ब्रह्माळी’. यातलं बरोबर कुठलं म्हणून भांडू नका. दोन्हीच्या शेवटी ‘माळी’ आहे, म्हणजे गाण्याचं काम दोन्हींनी सारखंच होतं. मधले शब्द गावागणिक फिरतात, सांधा फिरत नाही. कोल्हापूरची मैत्रीण ‘भोंडल्या’च्या जागी हादग्याचं नाव घेईल, तेही तिच्यापुरतं बरोबरच. अशा गाण्याची मूळ शुद्ध प्रत नावाची वस्तूच नाही. माझा आग्रह असा की सहाजणींचे सहा पाठ वेगवेगळे उतरवा, प्रत्येकावर गावाचं नाव लिहा, आणि त्यांचं मिळून एक ‘अधिकृत’ गाणं मुळीच बनवू नका. पुस्तिकांतून छापलेला एकच पाठ सगळीकडे म्हटला जायला लागल्यापासून कितीतरी ओळी गेल्या, याचं मला फार वाईट वाटतं.

जात्यावरच्या ओव्यांचं याहून वेगळं. तिथे गाणं नसतं, एकेक ओवी सुटी असते, आणि दळणारी ती तिच्या मनाला येईल तशी जोडत जाते. ‘आईची ती ओवी पुरी हवी’ म्हणून लोक यायचे, तेव्हा मी विचारायची, किती ओळी आठवतात? दोन म्हणाले तर ती बहुधा पुरीच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी पुण्यातून महाराष्ट्रभर फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्या आता ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या महाजालावरच्या संग्रहात टप्प्याटप्प्याने ऐकायला ठेवल्या जातात, ओवी म्हणणारीच्या नावागावासह. तुमच्या आईची नेमकी ओवी तिथे सापडेलच असं नाही, पण तिची बहीण सापडण्याची शक्यता खूप आहे.

वडिलांच्या पदाबद्दल. तुमच्या मैत्रिणीला ‘अनुकंपा’ एवढाच शब्द आठवतो, आणि ती म्हणते एका शब्दावर काय शोधणार. उलट, असाच शब्द हवा असतो. पहिली ओळ शोधायची सवय सोडा. ‘सखया’, ‘नाथा’, ‘प्रिया’ अशा शब्दांनी सुरू होणारी पदं ढिगाने आहेत. जो शब्द रोजच्या बोलण्यात नाही तो धरायचा. नाट्यपदांत ‘अनुकंपा’ म्हटलं की मला पहिल्यांदा आठवतं ते 1882 च्या ‘संगीत सौभद्र’मधलं अण्णासाहेब किर्लोस्करांचं पद: ‘नच सुंदरि करूं कोपा, मजवरि धरि अनुकंपा’. तिला ऐकवून बघा. ‘कोपा’ आणि ‘अनुकंपा’ यांचं यमक तिच्या कानात वाजलं तर शोध संपला.

नाट्यपदांत आणखी दोन-तीन अडचणी येतात, त्या माहीत असल्या की डोकं धरायची वेळ येत नाही. जुन्या संगीत नाटकाच्या पुस्तकात पदाच्या वर राग, ताल आणि ‘चाल’ छापलेली असते, आणि ती चाल म्हणजे दुसऱ्याच कुठल्यातरी गाण्याचे सुरुवातीचे शब्द. साकी, दिंडी, अंजनीगीत, कानडी वळणाच्या चाली, सगळं त्यात येतं. म्हणजे एकाच चालीवर निरनिराळी पदं. तेव्हा चाल एका पदाची आणि शब्द दुसऱ्या पदाचे असं एखाद्याच्या आठवणीत झालं असेल तर त्याची आठवण वाईट नाही, चालच दोन ठिकाणी राहत होती. दुसरं, 78 फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. तेवढ्यात बसवायला पदाला कात्री लागायची. ज्याने तबकडीवर ऐकलं त्याला पद लहान आठवतं, ज्याने नाटकात ऐकलं त्याला मोठं. पूर्ण शब्द हवे असतील तर रेकॉर्डवर विसंबू नका, नाटकाचं पुस्तक बघा. तिसरं, नाटककार आणि पदकार एकच असेल असं धरू नका. ‘एकच प्याला’ गडकऱ्यांचं, पण त्यातली पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची.

रेडिओवरची भावगीतं, चित्रपटगीतं शोधणं आज सोपं झालं आहे. ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळावर शब्द, कवी, संगीतकार, गायक सगळं एकत्र मिळतं, आणि तिथेही मधल्याच शब्दावरून शोधा. फोनला गुणगुणून दाखवायची सोयही रेकॉर्ड झालेल्या गाण्यासाठी करून बघायला हरकत नाही. आजीच्या गाण्याला तिचा उपयोग नाही.

उरली शाळेतली कविता, जिचा फक्त ठेका आठवतो. ठेका आठवतो म्हणजे वृत्त आठवतं, आणि तो फार मोठा धागा आहे. तो ठेका मंगलाष्टकांच्या चालीवर म्हणून बघा. बसला तर कविता शार्दूलविक्रीडितात आहे, ओळीला एकोणीस अक्षरं. केशवकुमारांची ‘आजीचे घड्याळ’ त्याच वृत्तात आहे, ती म्हणताना लग्नाचा अंतरपाट आठवतो तो यामुळे. मनाच्या श्लोकांच्या चालीवर बसला तर भुजंगप्रयात, बारा अक्षरं. अभंगासारखा चालला तर शोध संतांकडे वळवा, आणि आर्येच्या चालीवर गेला तर आधी मोरोपंत चाळा. एवढं ठरलं की हजार कवितांतून शंभरावर येता. पुढची चाळणी वयाची. तुम्ही सहाजणी बालभारतीच्या पिढीच्या, ती संस्था 1967 ची. एखादी कविता सगळ्यांना थोडी थोडी आठवत असेल तर ती तुमच्या क्रमिक पुस्तकातली समजा. एकीलाच आठवत असेल आणि बाकीच्या कोऱ्या असतील तर ती बहुधा तिच्या आईवडिलांच्या शाळेतली, त्यांनी घरी म्हटलेली. मग ‘नवयुग वाचनमाला’सारखी आधीची पुस्तकं बघायची, किंवा ‘आठवणीतल्या कविता’ हे संग्रह काढायचे, ते नेमके अशाच वाचकांसाठी केलेले आहेत आणि बहुतेक जुन्या ग्रंथालयांत मिळतात.

तुमच्यापैकी कुणाची आई, मावशी किंवा सासूबाई अजून म्हणू शकत असतील तर पुस्तकांच्या आधी त्यांच्याकडे जा. ‘ते गाणं म्हण’ अशी फर्माईश करू नका, समोर बसून फोन पुढे धरला की बायका अवघडतात. हाताला काम द्या. शेंगा सोलताना, वाती वळताना, ओठांवर गाणं आपोआप येतं. मधूनच सुरू झालं तर सुरू होऊ द्या, पहिल्यापासून म्हणायला लावू नका. चुकलं असं वाटलं तरी टोकू नका. नंतर विचारायचे प्रश्न दोनच: हे कुणाकडून शिकलात, आणि तुमच्या सासरी हे असंच म्हणत होते का? दुसऱ्या प्रश्नावर हमखास आणखी एक पाठ निघतो, कारण लग्न होऊन आलेल्या प्रत्येक बाईजवळ माहेरचं एक आणि सासरचं एक अशी दोन गाणी असतात. यमूची गोष्ट त्यांना ठाऊक आहे का तेही विचारून बघा. माझ्या गटातल्या काहीजणींच्या सासूबाईंनी ती लहानपणी कुणीतरी वाचून दाखवल्याचं सांगितलं आहे.

संक्षिप्त आवृत्तीचं उत्तर राहिलं. घेऊ नका. संक्षेप करणारा माणूस घटना ठेवतो आणि लांबलेली बोलणी काढतो, आणि तुम्हाला वर सांगितलं त्याप्रमाणे बोलणीच ठेवायची आहेत. उलटी काटछाट तुमची तुम्ही करू शकता: पूर्ण प्रत घ्या आणि उपदेशाचे परिच्छेद वाचणारीने धावत न्यावेत. हरिभाऊ 1919 मध्ये गेले, त्यांचं लेखन केव्हाच प्रताधिकारमुक्त झालं आहे, त्यामुळे अमेरिकेतल्या मैत्रिणीला महाजालावरची स्कॅन प्रत चालेल. पण तिची जुनी प्रत आणि तुमची नवी यांतली पानं जुळणार नाहीत, तेव्हा पान क्रमांक न सांगता प्रकरणाचा क्रमांक सांगत जा. आणि पहिल्या रविवारी मागची दीडशे पानं पुन्हा वाचत बसू नका. प्रत्येकीने त्यातला तिला आठवतो तो एकच प्रसंग सांगावा, आणि जिथे थांबला होतात त्याच प्रकरणापासून मोठ्याने सुरू करावं.